तिळारीच्या वाटेवर फाटक नाही

दोडामार्ग तालुक्यात 2002 साली हत्ती उतरले, तेव्हा सिंधुदुर्गातल्या कोणाच्याच आठवणीत रानातला हत्ती नव्हता. आम्हाला ठाऊक होता तो दशावतारातला. जत्रेच्या रात्री पखवाज घुमू लागला की पहिला प्रवेश गणपतीचा, रिद्धी-सिद्धींसोबत मुखवट्याची सोंड हलवत येणारा. संकासुराची दंगल त्यानंतर. दुसरा हत्ती मिळायचा सावंतवाडीच्या चितारआळीत, रंगवलेला, लाकडी, मुठीत मावणारा. या दोन हत्तींवर वाढलेल्या जिल्ह्यात कर्नाटकातल्या दांडेली-खानापूरच्या रानांतून खरा कळप घाट उतरून तिळारीच्या खोऱ्यात आला. पहिल्यांदा आले तेव्हा लोकांनी हात जोडले, वाटेवर नारळ ठेवले, असं तिथली वडीलधारी माणसं सांगतात. मग कळपाने माड मोडले, पोफळी लोळवल्या, केळीची बनं एका रात्रीत सपाट केली. हात जोडणारी तीच माणसं टेंभे पेटवून रात्र-रात्र बागेत उभी राहू लागली. आज त्या गोष्टीला दोन तपांच्या आसपास काळ लोटला आहे. हत्ती परत गेलेले नाहीत. इथे जन्मलेली पिल्लं मोठी झाली आहेत आणि त्यांच्या दृष्टीने त्यांचं गाव हेच.

माझा धाकटा भाऊ नैरोबीत नोकरीला आहे. त्याच्याकडे गेलो असताना आम्ही सगळे मिळून अंबोसेलीला गेलो होतो. केनियाच्या दक्षिण टोकाचं हे राष्ट्रीय उद्यान, क्षेत्रफळ 392 चौरस किलोमीटर. आकाराने आफ्रिकेच्या मानाने लहानच, पण हत्तींच्या बाबतीत जगात त्याच्याइतकी माहिती क्वचितच कुठल्या रानाबद्दल असेल. सिंथिया मॉस या बाईंनी 1972 साली इथल्या हत्तींचा अभ्यास सुरू केला. एकेका हत्तीला कानाच्या कडेवरून ओळखायचं, त्याची आई कोण, मावशी कोण, याची वही ठेवायची, असं ते काम पिढ्यानपिढ्या चाललं आहे. हत्तींच्या कळपाचा कारभार वयस्क मादी बघते, दुष्काळात पाणी कुठे सापडेल हे तिच्या स्मरणात असतं आणि ती गेली की कळपाची ती शिदोरीच जाते, हे जगाला पटलं ते बरंचसं या वह्यांमुळे.

उंच टपाच्या लँडक्रूझरमध्ये आम्ही उभे होतो. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. समोर दलदलीत पोटापर्यंत बुडालेला कळप हिरवं गवत उपसत होता, पाठींवर बगळे, आणि मागे सीमेपलीकडच्या टांझानियातला किलिमांजारो. त्या डोंगराचंच पाणी जमिनीखालून वाहत येऊन ही दलदल भरते. म्हणून कोरड्या महिन्यांतही हत्ती इथे येतात. पिल्लाला मध्ये घेऊन कळप आमच्या गाडीच्या पुढून रस्ता ओलांडून गेला. गाडीत कोणी बोललं नाही. माझ्या आईने तेवढे हात जोडले. गाडीतून उतरायचं नाही, आवाज करायचा नाही, वाट सोडून गाडी घालायची नाही, सूर्य मावळायच्या आत बाहेर पडायचं, असे नियम होते आणि ते पाळले जात होते. तो दिवस मी आयुष्यभर जपून ठेवीन.

परतताना आमच्या मासाई ड्रायव्हरने एक गोष्ट सांगितली. त्याच्या आजोबांच्या गाई त्याच दलदलीवर पाणी प्यायच्या. 1974 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि गाईंना पाणी बंद झालं. हत्ती मात्र फाटक मानत नाहीत. ते उद्यानाबाहेर जाऊन मासाईंच्या चराऊ कुरणांत वर्षातला मोठा काळ काढतात, आणि जवळच्या किमानाकडे जिथे पाटाचं पाणी आलं आहे तिथे टोमॅटो नि मक्याच्या शेतांतही उतरतात. आम्ही फाटकावर तिकीट काढून जे पाहिलं, त्याचा काही भाग फाटकाबाहेरची माणसं पोसत होती. हे त्याने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. रस्त्याकडेचं गाव दाखवावं तसं सांगितलं. म्हणूनच ते माझ्या मनात रुतून बसलं.

पुढे एका एप्रिलात भाऊ मुलांना घेऊन मालवणला घरी आला. तिकडे शाळांना तेव्हा सुट्टी असते. पुतण्याला कोणीतरी सांगितलं होतं की आपल्या जिल्ह्यातही हत्ती आहेत. अंबोसेली पाहिलेल्या मुलाला ते ऐकून झोप येईना. आईच्या नात्यातले एक मामा तिळारीच्या खोऱ्यात बागायत करतात. त्यांना फोन केला, जुनी फोर बाय फोर जीप मिळवली आणि आई, भाऊ, भावजय, मुलं असे आम्ही निघालो. चौके, धामापूरचा तलाव, कुडाळ, सावंतवाडी, बांदा, आणि तिथून आत वळून दोडामार्ग. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, पण समुद्रकाठच्या माणसाला हा प्रदेश परका वाटावा इतकं सगळं बदलत जातं. खारी हवा सुटते. माड तेच, पण त्यांच्यामागे समुद्राऐवजी सह्याद्रीची भिंत उभी राहते. भेडशी ओलांडली की डोंगर अंगावर येतो.

पुतण्या सारखा विचारत होता, ‘काका, गेट कधी येणार?’ अंबोसेलीला गेट होतं, तिथे पास दाखवला होता, तेव्हा इथेही असणारच. त्याला सांगितलं की इथे गेट नाही. मग हत्ती कुठे राहतात? या डोंगरात. आणि माणसं? तीही इथेच. पोर गप्प झालं आणि खिडकीतून घरं बघू लागलं.

तिळारी म्हटलं की बाहेरच्या माणसाला आठवतं ते महाराष्ट्र आणि गोवा यांनी मिळून बांधलेलं धरण. त्याच्या पाण्याखाली गावं गेली, जंगलही गेलं, आणि पाणी पसरलं ते अशा रानात की जे हत्तीला हवंच होतं. बारमाही पाणी, बांबू, भेरली माड, वड-उंबराच्या जातीची झाडं, आणि रान संपतं तिथेच माड-पोफळीची बागायत. आशियाई हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या घरात चारा खातो, चोवीस तासांतले सोळा-सतरा तास तो खाण्यातच असतो, आणि खाल्लेल्यापैकी निम्मंही त्याच्या अंगी लागत नाही. एवढं पोट घेऊन फिरणाऱ्या प्राण्याला रानातला कडक बांबू आणि बागेतली रसाळ केळ यांतून निवड करायची तर तो काय करील, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. 2020 साली सरकारने इथलं 29.53 चौरस किलोमीटर वनक्षेत्र तिळारी संवर्धन राखीव म्हणून जाहीर केलं. चांगलं झालं. पण एवढ्या क्षेत्रात हत्तीचा कळप मावत नाही. त्याचं फिरणं शेकडो चौरस किलोमीटरचं असतं.

मामांची बाग नदीकाठी. डांबरी रस्ता सोडून जांभ्याच्या चढणीवर फोर व्हील टाकावी लागली, उतारावर पुन्हा नदीचे गोटे. मामींनी ओल्या काजूगरांची उसळ आणि घावणे केले होते. जेवणं होईपर्यंत हत्तीचा विषय कोणी काढला नाही. मग मामा उठले आणि म्हणाले, ‘चला, दाखयतंय.’

त्यांनी आधी दाखवला एक माड. जमिनीपासून हातभर उंचीवर दुमडून पडलेला. हत्ती माड मोडतो तो नारळासाठी नाही, शेंड्यातल्या कोवळ्या गाभ्यासाठी. कपाळ टेकवून रेटतो, माड कलला की पाय देतो, शेंडा सोलून गाभा खातो आणि पुढच्याकडे जातो. एका रांगेत असे कितीतरी पडले होते. त्यांच्या पलीकडे पोफळींचा सडा. मुलं त्या आडव्या खोडांवरून चालू लागली तेव्हा मामी हळूच म्हणाल्या, ‘उतरा बाबानू, त्येंच्यावर नको.’ घरातल्या माणसाचं प्रेत ओलांडू नये अशा आवाजात त्या ते बोलल्या, आणि मुलं खाली उतरली.

ओल्या मातीत पावलं उमटली होती. सुपाएवढी, कडेला नखांच्या खुणा. वनखात्यासोबत हाकारी म्हणून काम करणारा एक पोरगा आला होता, त्याने मुलांना शिकवलं: पुढच्या पायाच्या ठशाभोवती दोरी लावा, ती दुप्पट करा, तेवढी हत्तीची खांद्यापर्यंतची उंची. मुलांनी मामींच्या वाळवणाची दोरी आणून मापलं आणि ती उंची मांगराच्या भिंतीवर कोळशाने रेघ मारून दाखवली. रेघ भावाच्या डोक्याच्या बरीच वर गेली. लिदीच्या गोळ्यात काजूच्या बिया अख्ख्या होत्या, फणसाची आठळी कोंब फुटलेली होती. हा प्राणी रान खातो आणि चालता चालता रान पेरतो, हे पुस्तकात वाचलेलं मी मामांच्या मोडलेल्या बागेत उभा राहून पाहत होतो. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी खऱ्या होत्या.

संध्याकाळी त्या पोराच्या ओळखीच्या एकाने येऊन सांगितलं, कळप धरणाच्या पाण्याकडे आहे, गाडी काढा, अगदी जवळ नेतो. बाहेर आणखी दोन गाड्या थांबल्याच होत्या, शहरांतून आलेल्या, मोबाईल हातात घेऊन. भावाने नकार दिला. अंबोसेलीत शिकलेला नियम त्याने इथे लावला, आणि इथे तर तो अधिक लागू होता. पिल्लू असलेल्या कळपाला गाड्यांनी वेढलं तर तो रात्री कुठल्या बाजूने सुटेल आणि कोणाच्या वाडीत शिरेल, हे गाडीवाल्याला भोगावं लागत नाही. आम्ही अलीकडच्या टेकाडावर मामांसोबत बसलो. अंधार पडायच्या आधी पलीकडच्या काठावर झाडीतून करड्या पाठी निघाल्या. पिल्लू आधी पाण्यात गेलं, मग आई. दुर्बिणीतूनही ती बोटाएवढीच दिसत होती. किलिमांजारोच्या पायथ्याशी जे पाहिलं होतं त्याच्यापुढे हे दृश्य काहीच नव्हतं, तरी माझा ऊर भरून आला. माझ्याच जिल्ह्याच्या पाण्यावर हत्तीचं पिल्लू डुंबत होतं. आई पुन्हा हात जोडून बसली होती. मामांनीही जोडले. मग ते उठले आणि फटाक्यांची पिशवी तपासायला गेले.

ती रात्र मी विसरणार नाही. दहाच्या पुढे पलीकडच्या वाडीतून आरोळ्या सुरू झाल्या, डबे वाजू लागले, टॉर्चचे झोत माडांवरून फिरू लागले. मध्येच कडाड असा आवाज, आणि मामा अंथरुणावर बसून म्हणाले, ‘गेलो. माड गेलो.’ आवाजावरून ते सांगत होते की पोफळ नव्हे, माड. कोणाच्या बागेतला तेही. झोपलेलं कोणीच नव्हतं. मामींनी दोनदा चहा केला. मामा म्हणाले, ‘आमका त्येंचो राग नाय रे. पण रातीची झोप खंयसून हाडूची? बी गोळा करूक सकाळी काजीत जावचा लागता, आणि त्याच टायमाक तो थंय उभो.’

हे बोलणं नुसत्या भीतीचं नव्हतं. 2025च्या एप्रिलात मोर्ले गावातले एक वयोवृद्ध शेतकरी सकाळी काजूच्या बागेकडे निघाले आणि वाटेत हत्तीच्या हल्ल्यात गेले. काजूचा हंगाम म्हणजे या खोऱ्याच्या वर्षभराच्या मिठा-मिरचीची सोय. पडलेली बी सकाळीच गोळा करावी लागते. त्याच वर्षी ओंकार नावाने ओळखला जाणारा तरुण नर कळपापासून वेगळा झाला, सप्टेंबरात गोव्याच्या पेडणे तालुक्यात गेला, परत बांद्याच्या बाजूला आला. वर्तमानपत्रांनी त्याला भरकटलेला म्हटलं. पण नर हत्ती वयात आला की कळप सोडतोच, निसर्गाचा तो नियम आहे. नवं रान शोधत निघालेल्या या पोराला वाटेत महामार्ग, विमानतळ आणि भातशेती लागली. जिथे जाई तिथे बघ्यांची गर्दी.

हत्ती पकडा, ही गावकऱ्यांची मागणी मी समजू शकतो. रात्र रात्र जागलेल्या माणसाला उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण पकडण्याचा अनुभव या जिल्ह्याने घेतलेला आहे. 2015च्या फेब्रुवारीत कुडाळ तालुक्यातल्या माणगाव खोऱ्यात शिकवलेल्या हत्तींच्या मदतीने तीन रानहत्ती पकडले गेले. त्यांपैकी दोन पुढे बंदिवासातच मेले. आणि तिळारीतलं नुकसान त्याने थांबलं नाही. एक नेला की मोकळ्या जागी दुसरा येतो, कारण येण्याची वाट आणि येण्याचं कारण दोन्ही जागच्या जागी आहेत. खंदक खणून झाले, सौर कुंपणं उभारून झाली. पावसाने खंदक बुजले, वेलींनी कुंपणाच्या तारा झाकल्या. दोडामार्ग-सावंतवाडीचा हा हिरवा पट्टा पश्चिम घाटात प्राण्यांच्या ये-जा करण्याची वाट आहे, म्हणून उच्च न्यायालयाने 2013 साली इथे वृक्षतोडीवर बंदी घातली. तरीही डोंगर उतारांवर रबर आणि अननसासाठी रान साफ होत राहिलं. वर रान कमी होईल तेवढा हत्ती खाली बागेत येईल.

मी समुद्रकाठचा माणूस. आमच्याकडेही 1987 साली मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटरचं, आणि मासेमारांनी ते कधी मनापासून स्वीकारलं नाही. आपली जाळी कुठे टाकायची हे आपल्याला न विचारता ठरलं, हा त्यांचा सल अजून गेलेला नाही. अंबोसेलीच्या मासाईचं दुःख मला चटकन समजलं ते त्यामुळे. पण याच किनाऱ्यावर पुढे एक शहाणपणाची गोष्टही घडली. जाळ्यात समुद्री कासव, देवमासा किंवा संरक्षण असलेला दुसरा कोणताही प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर कापलेल्या जाळ्याची भरपाई म्हणून 25,000 रुपयांपर्यंत रक्कम देण्याची योजना महाराष्ट्राने 2018च्या डिसेंबरात आणली. आता मच्छीमार कासवाला सोडतानाचं चित्रण मोबाईलवर करून पाठवतात. ऑलिव्ह रिडले कासवं तीच, माणसंही तीच. बदललं एवढंच की कासव वाचवण्याचा भुर्दंड एकट्या रापणकाराच्या किंवा ट्रॉलरवाल्याच्या डोक्यावर राहिला नाही. पोटाची काळजी मिटली की प्राण्याबद्दलची माया मोकळी होते, हे मी माझ्या गावात डोळ्यांनी पाहिलं आहे.

तिळारीच्या बागायतदारालाही भरपाई मिळते. पंचनामा होतो, झाडामागे ठरलेली रक्कम होते, उशिरा का होईना खात्यावर येते. पण माडाचा हिशेब जाळ्यासारखा नाही. जाळं आठवड्यात नवं येतं. बाणवली माड लावल्यापासून सहा-आठ वर्षांनी धरतो, मग साठ-सत्तर वर्षं दरसाल ऐंशी-शंभर नारळ देतो. मामांचे मोडलेले माड त्यांच्या वडिलांनी लावलेले होते. पाणी शेंदून वाढवलेले. ऐन भरात असलेला एक माड पडला म्हणजे मामांचं आणि त्यांच्या मुलाचं उत्पन्न पडलं. मामांचं वय सत्तरीकडे. आज लावलेल्या माडाचा नारळ ते किती वर्षं बघतील? त्यांचा मुलगा गोव्यात कंपनीत जातो, आणि मोडलेल्या बागेत परत यावं असं त्याला वाटत नाही. बाग अशी ओस पडली की ती विकली जाते, आणि विकत घेणारा तिथे काय लावतो हे दोडामार्गातल्या डोंगरांवर दिसतंच आहे. बागायतदार उठला तर हत्तीलाही पुढे रान उरणार नाही. माझं ठाम मत झालं आहे की या खोऱ्यात हत्तीचा खरा रक्षक तो हातात डबा घेऊन त्याला हाकलणारा माणूसच आहे.

देशात 2025 साली जाहीर झालेल्या अंदाजानुसार 22,446 रानहत्ती आहेत, आणि त्यांपैकी सर्वांत जास्त शेजारच्या कर्नाटकात. आपल्या तिळारीत बोटांवर मोजण्याइतके. एवढ्या थोड्या हत्तींची आणि एका खोऱ्यातल्या काही गावांची जबाबदारी महाराष्ट्रासारख्या राज्याला जड होऊ नये.

निघताना पुतण्याने मामांना विचारलं की आम्ही तिकीट कोणाला द्यायचं. मामांना प्रश्न कळला नाही. भावाने त्यांच्याकडून पोतंभर काजूबी आणि सुपारी घेतली, बाजारभावाने, घासाघीस न करता.

सिंधुदुर्गात येणाऱ्या आणि राहणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. तारकर्लीचा समुद्र बघून झाल्यावर तिळारीला जरूर जा, पण हत्तीच्या मागे गाडी घालू नका, कोणी जवळ नेतो म्हणाला तरी. तिथल्या माणसांकडून काजू, कोकम, सुपारी घ्या. आणि ज्यांच्या हातात कायदा आणि खजिना आहे त्यांना माझं मागणं: माडाची भरपाई त्याच्या उरलेल्या फळत्या वर्षांवर ठरवा, रात्रीच्या राखणीची मजुरी द्या, आणि पैसे मे संपायच्या आत हातात पडू द्या, कारण नवा कवाथा लावायचा तो मिरगाच्या पावसावरच.